सावली आणि पाणी

टेक्सासच्या पश्चिम टोकाला, चिवावा वाळवंटाच्या अंगाने, ग्वादलुपे पर्वताची रांग आहे. तिच्यात मॅककिट्रिक नावाची एक खोल घळ आहे. बाहेर रखरखीत ऊन, निवडुंग, काटेरी झुडपं. घळीत जसजसं आत जावं तसतशी झाडी वाढत जाते. ओक, मेपल, लालसर सालीचा मॅड्रोन. आणि त्यांच्या सोबतीने वाहणारा एक लहानसा ओढा.

हा ओढा सलग दिसत नाही. चुनखडीच्या गोट्यांखाली मध्येच गडप होतो. बराच वेळ नुसतं कोरडं पात्र, आणि पुढे पाणी पुन्हा वर आलेलं. इतकं नितळ, की तळाशी बसलेल्या पानाच्या शिरा दिसाव्यात. हिमयुगात हा सगळा मुलूख थंड आणि ओला होता. तो काळ सरला. मेपल मात्र या घळीच्या आडोशाला टिकून राहिले.

इथे एक साधा नियम आहे. ओढ्यात पाय घालायचा नाही, त्याचं पाणी प्यायचं नाही. रात्रीचा मुक्काम सुमारे 12 किलोमीटरवर, वरच्या धारेवर. तिथेही पाण्याची सोय नाही. म्हणून माणशी, दिवसाला जवळजवळ 4 लिटर पाणी खालूनच न्यायचं. दोन दिवसांचं म्हटलं तर पाठीवर 8 किलोंचं नुसतं पाणीच. म्हणजे कितीतरी वेळ पाण्याच्या कडेने चालायचं, आणि पाणी पाठीवर वाहायचं.

पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. पाणी दिसलं की ओंजळ आपोआप पुढे होते. मग चालता चालता ध्यानात येतं, की ही घळ आपल्याला दोन गोष्टी दाखवते आहे. सावली आणि पाणी. सावली कितीही जणांनी घेतली तरी उणी होत नाही. पाण्याचं तसं नाही. वाळवंटात बारमाही पाणी थोडं, आणि त्यावर जगणारे पुष्कळ. झाडं सावली धरतात तीही याच पाण्यावर. सावली घेणाऱ्याने पाण्याला हात लावला नाही, की सावलीची फेड होते.

वॉलेस प्रॅट हा भूगर्भशास्त्रज्ञ 1921 मध्ये इथे आला. जमिनीखालचं तेल हुडकणं हा त्याचा पेशा. घळ त्याला इतकी आवडली, की त्याने इथली जमीन घेतली, दगडी घर बांधलं. पुढे 1960 च्या सुमारास 5,000 एकरांहून अधिक जमीन त्याने राष्ट्रीय उद्यानासाठी देऊन टाकली. जमिनीच्या पोटातलं उपसून काढणाऱ्या धंद्यातला माणूस, पण इथे त्याने हात आवरता घेतला.

घळ संपत आली, की वाट ओढा सोडते आणि अंगावर येते. मग पाठीवरचं ओझं खांद्यांना जाणवू लागतं. प्रत्येक घोटाबरोबर ते थोडं हलकंही होतं. खाली ओढा आपल्या वाटेने जात असतो. आपल्या तहानेचा भार त्याच्यावर पडलेला नसतो.

जवळ असणं वेगळं, आपलं असणं वेगळं. घरातल्या एखाद्या माणसाचं मौनही असंच आपल्या शेजारून वाहत असतं. कधी दिसतं, कधी गोट्यांखाली जातं. त्याच्या कडेने चालता येतं, त्याच्या सावलीत बसता येतं. त्यात हात घालून पाहिलाच पाहिजे असं नाही. मात्र हे ज्याला जमवायचं आहे, त्याने आपल्या तहानेची सोय आधी करून निघावं.