घासणाऱ्या हाताच्या जागी पंप

दुधाचं करपलेलं पातेलं घासायला आपल्या घरांत चार गोष्टी लागत: चुलीतली राख, ऊन पाणी, भिजत ठेवायला थोडा वेळ आणि घासणारा हात. १९५९ साली हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनज्ञाने हेच एका वर्तुळात मांडलं. रसायन, उष्णता, वेळ आणि घर्षण हे धुण्याचे चार वाटेकरी. एकाचा वाटा कमी पडला तर बाकीच्यांनी तूट भरून काढायची.

पातेल्यात हात जातो. भांडं मोठं झालं की अडचण येते. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापुरात एखाद्या घराने दही-पनीरसाठी दोनशे लिटरची स्टीलची टाकी घेतली, असं धरू. व्यास ६० सेंटीमीटर, उंची ७०, बुडाशी तोटी आणि तिला जोडलेला पाइप. टाकीत वाकून घासता येईल. पाइपात हात कसा घालणार? म्हणून डेअरीत काही न उघडता आतूनच द्रावण फिरवून सगळं जागच्या जागी धुतात. परदेशात घरी बिअर बनवणारे हौशी लोकही असंच करतात. आपल्याकडे विनापरवाना बिअर करायला १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो, दुधाला येत नाही. प्रश्न मात्र दोघांचा एकच: स्वस्तातला कोणता पंप घ्यावा?

त्याआधी पंपाचं काम काय ते पाहू. रसायन कॉस्टिक सोड्याकडे, उष्णता शेगडीकडे, वेळ घड्याळाकडे. उरलं घर्षण. म्हणजे पंप हा त्या चौघांतला हात आहे, आणि पाणी ही त्याची घासणी.

पाणी घासतं कसं? उन्हाळ्यात पैनगंगेची धार बारीक होते, तेव्हा दगडांवर शेवाळ धरतं. पाणी वरून जातं, पण दगडाला चिकटलेला थर जवळजवळ थांबलेलाच असतो. पुरात तेच दगड घासून निघतात. पाइपातही तसंच आहे. पाणी संथ असेल तर भिंतीजवळचा साय-चरबीचा थर जागचा हलत नाही. म्हणून डेअरीच्या पाइपात सेकंदाला दीड मीटर वेग धरतात. आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात एवढा वेग यायला मिनिटाला ४४ लिटर पाणी वाहावं लागतं.

टाकीची गोष्ट वेगळी. तिच्या आत वरच्या बाजूला भोकांचा फवारगोळा बसवतात. तो पाणी भिंतीच्या माथ्यावर टाकतो आणि ते पडद्यासारखं खाली ओघळतं. पडदा कुठे फाटला तर तेवढी भिंत कोरडी राहते. तो अखंड राहावा म्हणून घेराच्या दर मीटरला मिनिटाला सुमारे ३० लिटर धरतात. आपल्या टाकीचा घेर १.८८ मीटर, म्हणजे ५७ लिटर. तेच पाणी पाइपातून आणि टाकीतून एकामागोमाग जातं, म्हणून दोघांचं साठ लिटरांत भागतं.

आता घरात असलेले पंप या मापाला लावून पाहू. वऱ्हाडात कुलर नाही असं घर विरळा. कुलरच्या पंपाला पाणी बऱ्यापैकी वाहवता येतं, पण चढवता येतं दीड-दोन मीटरच. फवारगोळ्याच्या भोकांतून जोरात फेकायला एकट्यालाच दहा मीटर उंचीइतका दाब लागतो. शिवाय हा पंप पाण्यात बुडून चालतो. गरम सोड्याच्या द्रावणात वीज सोडण्याचा धोका कोणी पत्करू नये. फवारणीचा बॅटरीपंप नेमका उलटा. दाब भरपूर, पण पाणी मिनिटाला तीन-चार लिटर. त्याची धार भिंतीवर एक रेघ स्वच्छ करील आणि शेजारचं पनीर तसंच ठेवील. एकाकडे वाहणं आहे, दुसऱ्याकडे दाब. आपल्याला दोन्ही एकाच वेळी हवेत.

दुकानात फसगत होते ती इथेच. पंपाच्या पट्टीवर दोन मोठे आकडे असतात: सर्वांत जास्त पाणी आणि सर्वांत जास्त उंची. दोन्ही खरे, पण एकाच वेळी खरे नाहीत. तोंड मोकळं सोडलं की सर्वांत जास्त पाणी मिळतं, तेव्हा उंची जवळजवळ शून्य. सर्वांत जास्त उंचीवर पाणी शून्य. आपलं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होणार. म्हणून दुकानदाराला विचारायचं ते एवढंच: पंधरा मीटर उंचीला मिनिटाला किती लिटर? दहा मीटर फवारगोळ्याचे, उरलेले चढाचे आणि पाइपातल्या घर्षणाचे.

सेकंदाला एक लिटर पाणी पंधरा मीटर उचलायला सुमारे १५० वॅट लागतात. छोट्या पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर मोटर ३७० वॅटची, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरची. मात्र टाकी भरायचा छोटा सेल्फ-प्रायमिंग पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचा असला तरी पाणी थोडं आणि उंची जास्त देणाऱ्या जातीचा असतो. तो इथे कमी पडण्याचा संभव. साधा सेंट्रिफ्युगल बघावा. तो टाकीच्या तोटीखाली बसवावा, कारण तो हवा ओढत नाही आणि सत्तर अंशांचं पाणी खालून ओढताना कोणताही पंप अडखळतो. कोरडा चालवला तर सील जळतं.

आता धातू. गरम सोड्यात ॲल्युमिनियम विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. दुधाचा दगडी थर काढायला मधूनमधून नायट्रिक आम्ल फिरवतात. ते बीड आणि पितळ खातं. म्हणून पाणी लागणारे भाग स्टीलचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे हवेत. बीडाचा पंप विकत घेताना स्वस्त पडतो, पण दोन-तीन हंगामांत तोच महाग ठरण्याची शक्यता जास्त.

धुण्याचा क्रमही हात जाणतो तोच. आधी कोमट पाणी, कारण थेट कढत पाणी घातलं तर दुधातली प्रथिनं भिंतीला शिजून चिकटतात. मग एक टक्का सोडा गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, मग स्वच्छ पाणी. सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये. हातमोजे आणि चष्मा घालावा. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, विषारी क्लोरीन निघतो.

पंप बसवला की पट्टी विसरून १५ लिटरची बादली घ्यावी. पंप कोरडा पडू नये म्हणून त्याला पाणी त्याच्याहून उंच ठेवलेल्या दुसऱ्या भरलेल्या भांड्यातून द्यावं आणि टाकीच्या तोटीतून परत येणारं पाणी बादलीत धरावं. फवारगोळा जागेवरच ठेवावा. पंधरा सेकंदांत बादली भरली तर मिनिटाला साठ लिटर झाले, आपला हात पुरा पडला. तीस सेकंद लागले तर भिंतीवरचा पडदा कुठेतरी फाटलेला आहे, आणि तिथे पुन्हा राख-पाण्याचा हात न्यावा लागणार.