यंत्राचे दान आणि आपले कर्तव्य

अंध बांधवास एखादे यंत्र देणगीदाखल दिले म्हणजे समाजाचे कर्तव्य पुरे होते काय? पेडणे-डिचोलीकडील प्रत्येक देवस्थान मंडळाने हा प्रश्न स्वतःस विचारण्याजोगा आहे.

यंत्रांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. साध्या पांढऱ्या काठीस दगड वा पायरी कळते. परंतु झुकलेली फांदी किंवा उभ्या ट्रकचा मागचा भाग तिच्या टप्प्यात येत नाही. दिल्लीच्या आय. आय. टी.त तयार होऊन २०१४ साली प्रचारात आलेले ‘स्मार्टकेन’ हे उपकरण काठीच्या मुठीवर बसवितात. त्यातून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निघतात, अडथळ्यावरून परततात, आणि सुमारे ३ मीटरांवरूनच मूठ थरथरून सूचना देते. संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली आरंभिली. ती विनामूल्य मिळते व मराठीही वाचते. मोबाईलवरही आता अशी सोय असते.

परंतु आपण लिहू तसेच यंत्र वाचणार. जत्रेची वा पालखीची पत्रिका आपण रंगीत चित्र करून मोबाईलवर पाठवितो. चित्रातील अक्षरे ओळखणारी साधने निघाली आहेत खरी, पण नक्षीदार अक्षरांत व वेळांच्या कोष्टकांत ती अडखळतात. जुन्या मराठी टंकांत तर अक्षराचे केवळ रूप मराठी, आतील खुणा रोमन. यंत्र त्याच वाचते आणि ऐकणाऱ्यास काही बोध होत नाही. युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक असल्याने ते यंत्रास ओळखता येते.

मग ज्यास पत्रिका वाचता येत नाही, त्याने पालखीची वेळ दर वेळी दुसऱ्यास विचारावी. असे नित्य विचारावे लागले म्हणजे मनुष्य हळूहळू विचारणे सोडतो, आणि पुढे येणेही सोडतो. ‘ते हल्ली येत नाहीत’ असे आपण सहज म्हणतो. त्याचे कारण आपल्याच हातून घडले, हे ध्यानी येत नाही.

दान दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते. कर्तव्य तसे नसते. म्हणूनच दिव्यांगांविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या नावातच ‘हक्क’ हा शब्द आहे. यंत्र घेण्यास पैसा लागतो. चित्राखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये लिहिण्यास केवळ अगत्य पुरे. सभासद कुटुंबांनी येत्या उत्सवापासून एवढे करावे, आणि देवळाच्या वाटेत आडव्या लावलेल्या मोटारसायकली बाजूस घ्याव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे.