चाळीस दिवसांचा हिशेब

आत्याचा जन्म 1940 चा. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा तिचे वडील परळला मागावर होते आणि ती आईच्या पोटात, इथे रत्नागिरीत. त्या संपाची गोष्ट मी तिच्याकडून लहानपणापासून ऐकत आले. पण परवा मांडवीच्या जेटीवर बसलो असताना मी म्हटलं की गोदावरी परुळेकरांवर लिहायला घेतलंय, आणि पहिल्यांदाच ती त्या संपावरून माझ्याशी भांडली.

"बाई मोठी, यात वाद नाही. पण लिहिणार काय आहेस?"

मी सांगू लागले. पुण्याच्या सुखवस्तू गोखल्यांच्या घरातली मुलगी, महाराष्ट्रातली कायद्याची पहिली स्त्री पदवीधर. आपल्या कोतळूकच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये काढलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. मुंबईत घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना त्यांनी बांधली, मग शामराव परुळेकरांबरोबर कम्युनिस्ट पक्षात गेल्या. 1939 च्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि 2 ऑक्टोबरला मुंबईतल्या सुमारे 90 हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवस काम बंद ठेवलं. युद्धविरोधी प्रचार केला म्हणून गोदूताई 1940 पासून 1942 पर्यंत तुरुंगात होत्या.

"साहेबाने आपल्याला न विचारता आपला देश लढाईत ओढला," मी म्हटलं. "त्याला नाही म्हणणं हे केवढं..."

"थांब बाय. न विचारता म्हणतेस. माझ्या आईला कोणी विचारलंन्?"

इथे आम्ही अडकलो ते अंधार पडेपर्यंत.

मी म्हटलं, मार्चचा संप लढाईविरुद्ध नव्हता, महागाई भत्त्यासाठी होता. पावणेदोन लाख कामगार, चाळीस दिवस. लढाईमुळे धान्य महागलं आणि पगार होता तिथेच राहिला, मग दुसरं काय करणार?

"भत्ता बाबांनी मागितला. मनीऑर्डर बंद झाली ती आईची. मुंबईत खाणार काय म्हणून बाबा गावी आले, म्हणजे घरात आणखी एक तोंड. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा ओटी भरायला नारळ होता, तांदूळ नव्हते. युनियनच्या सभेला ती कधी गेली नाही, सभासदांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. पण त्या संपाची सगळ्यात मोठी वर्गणी तिने भरलीन्."

"संप झाला नसता तरी ती अर्धपोटीच राहिली असती, आत्या. दर महिन्याला थोडी थोडी."

"राहिली असती. पण ती उपासमार शेठची. ही आपल्या माणसांनी आणलेली. शेठला शिव्या घालता येतात. आपल्या माणसापुढे गप्प बसावं लागतं."

मी म्हटलं, गोदूताईंनी स्वतःही सोसलं, दोन वर्षं तुरुंगात काढली.

"त्यांनी ठरवून सोसलं. त्याचा मान त्यांना मिळाला, मिळायलाच हवा. आईच्या वाट्याला नुसतं सोसणं आलं, ठरवणं नाही."

मी चिडले. कोकणातल्या घराघरात जाऊन परवानगी मागत बसलं असतं तर संप कधीच झाला नसता. मालकाला तेच हवं असतं. भुकेल्या माणसाला थांब म्हणणं सोपं, पण त्या थांबण्याचे उपास कोण मोजतं? हे मी अगदी मनापासून बोलले आणि अजूनही मला ते पटतं.

"बरं, आधी नाही विचारलंत," आत्या म्हणाली. "मग 1942 ला तरी विचारायचं."

हा प्रश्न मला टाळायचा होता. जून 1941 मध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि वर्षअखेरीस पक्षाने त्याच लढाईला लोकयुद्ध म्हटलं. जुलै 1942 मध्ये सरकारने पक्षावरची बंदी उठवली. ऑगस्टात गवालिया टँकवरून 'छोडो भारत'ची हाक आली तेव्हा पक्ष बाजूला उभा राहिला आणि गिरण्या चालू ठेवा म्हणू लागला. मी आत्याला सांगितलं की फॅसिझम हे खरंच संकट होतं. परिस्थिती पालटली तर मत पालटणं ही लबाडी नव्हे.

"मत पालटायला माझी ना नाही. पण आधीचं मत ज्यांच्या पोटावर उभं होतं, त्यांना विचारून पालटलंत का? उपास तर परत घेता येत नाहीत."

मला उत्तर देता आलं नाही. गोदूताईंच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, हे त्यांच्या वतीने मी बोलू नये असं वाटलं. मी एकदम वारल्यांकडे वळले. म्हटलं, तुझा प्रश्न त्यांना पुढे जंगलात भेटला असावा. डहाणू-उंबरगावकडे त्या झोपड्यांतून राहिल्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराचे गुलाम व्हायचे, लग्नगडी. 23 मे 1945 ला झरीला वारल्यांची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी संपवायचं ठरलं. इथे ज्यांना सोसायचं होतं तेच बसून ठरवत होते, बायासुद्धा.

"आणि मग?"

मग तलवाडा. लढाई संपून दोन महिनेही झाले नव्हते. 10 ऑक्टोबरला गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा पसरवली गेली आणि हजारो वारली त्यांना वाचवायला काठ्या घेऊन धावले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले.

आत्या बराच वेळ बोलली नाही. भाट्याच्या बाजूला दिवे लागले होते.

"ते कुणाच्या सांगण्यावरून गेले नाहीत," ती म्हणाली. "स्वतःहून गेले."

"मग त्यांचा हिशेब गोदूताईंकडे नाही?"

"तसं म्हणवत नाही गो."

घरी परतताना तिने आपणहून 1977 चा विषय काढला. ती शाळेत शिकवत होती तेव्हाचा, सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा चौपन्न दिवसांचा संप. तीही त्यात होती.

"आजीला विचारलं होतंस?"

"नाही. शाळेतूनच परस्पर सभेला गेले. घरी आले तर आईने तांदळाचा डबा ओतला होतान् आणि पायलीने मोजत बसली होती. किती दिवस, एवढंही विचारलंन् नाही."