पुसलेला माणूस

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये हिवाळ्याच्या संध्याकाळी जी गर्दी जमते, तीत या नगरीचा सारा इतिहास वावरत असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि नाना प्रांतांतून आलेल्या माणसांनी हे गाव वसविले. त्यांची मुले-नातवंडे आज येथे फिरावयास येतात. येथेच श्रीकृष्ण-अर्जुनाचे रथशिल्प आहे. आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबातील मुलाने गेल्या हिवाळ्यात या रथाचे काढलेले छायाचित्र प्रस्तुत लेखास निमित्त झाले आहे.

मुलगा दृश्यकलेचा विद्यार्थी. महाविद्यालयाने ‘माझे गाव’ या विषयावर तीन कामे करावयास सांगितली होती : काही डिजिटल छायाचित्रे, दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि एक छोटासा ॲनिमेशनपट. रथाचे चित्र खरोखरच देखणे होते. आम्ही कौतुक करताच त्याने संगणकावर मूळ चित्रही दाखविले. त्यात उजव्या कडेला एक फुगेवाला उभा होता आणि त्याच्या पायांशी, पोत्यावर, त्याची लहानगी मुलगी झोपली होती. अंतिम चित्रात त्या जागी स्वच्छ फरशी होती. “चौकट बिघडत होती, काका, म्हणून काढून टाकले,” तो म्हणाला. रिकामी झालेली जागा संगणकाने शेजारची फरशी पाहून आपण होऊन भरली होती. या साऱ्यास अर्धा मिनिटही लागला नव्हता.

आम्ही किंचित नापसंती दर्शविली. त्यावर त्याने जो प्रश्न केला, त्याचे उत्तर आम्हांस तत्काळ सुचले नाही. तो म्हणाला, “मी दोन पावले डावीकडे सरकून चित्र काढले असते, तर तो माणूस चौकटीत आलाच नसता आणि तुम्हीही काही म्हणाला नसता. पायांनी वगळले तर चालते आणि बोटांनी वगळले तर पाप, हे कसे?”

यंत्राने टिपलेल्या चित्रास हात लावूच नये, असे सांगून हा प्रश्न सुटत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे रोज थोडेथोडे चित्रण केले आणि कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखविली. मधल्या साऱ्या रात्री आणि दुपारी त्यांनी गाळल्या होत्या. तरी त्या चित्रपटास कोणी खोटा म्हणणार नाही. पुढे ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. सत्यवचनी राजाची कथा अशा सोंगाच्या साहाय्याने सांगितली गेली, आणि तीत कोणाचीही फसवणूक झाली नाही. कारण हे नाटक आहे, हे प्रेक्षक जाणून होता.

ॲनिमेशनमध्ये तर सर्वच कल्पित. विजया मुळे यांचे उदाहरण आपणा परप्रांतस्थांस विशेष जवळचे वाटावे. मुंबईत जन्मलेल्या या बाई विवाहानंतर पाटण्यास गेल्या आणि पुढे केंद्र सरकारच्या शिक्षणखात्यात त्यांनी नोकरी केली. १९७४ साली त्यांनी ‘एक अनेक और एकता’ हा बालपट केला. त्यातली पाखरे जाळ्यासकट उडून जातात. अशी पाखरे कोणी पाहिली नाहीत. तरीही त्या चित्राने मुलांस खोटे सांगितले, असे कोण म्हणेल?

तात्पर्य, दोष घडविण्यात नाही, गाळण्यातही नाही. प्रत्येक कलाप्रकार पाहणाऱ्यास काही वचन देत असतो. रेखाटलेले पाखरू म्हणते, ‘मी कल्पना आहे.’ ‘माझे गाव’ म्हणून मांडलेले छायाचित्र म्हणते, ‘त्या वेळी तेथे असे होते.’ दोन पावले सरकणारा म्हणतो, ‘मी येथून पाहिले’; पुसणारा म्हणतो, ‘तेथे कोणी नव्हते.’ पहिले मौन आहे, दुसरी साक्ष आहे.

परंतु मौन तरी नेहमी निर्दोष असते काय? येथे आम्हांस आमचीच नोकरी आठवली. टिपण लिहिणे हा आपणा सर्वांचा नित्याचा व्यवसाय. जागेवर दहा झोपड्या दिसत असताना ‘सदर जागा मोकळी आहे’ असे लिहिणे म्हणजे फुगेवाल्याच्या जागी फरशी भरणे होय. आणि झोपड्या आहेत हे ठाऊक असल्यामुळेच पाहणीस न जाणे, हे दोन पावले डावीकडे सरकणे होय. कागदावर दुसऱ्यात असत्य सापडणार नाही. पण झोपडीत राहणाऱ्यास दोहोंचे फळ एकच. म्हणून मुलाच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : पायांनी वगळणेही जाणूनबुजून असेल, तर तेही सर्वस्वी निर्दोष नाही. पाहणाऱ्याचे ऋण खरे सांगून फिटते. जो पाहिला गेला, त्याचे ऋण त्याहून वेगळे आहे.

हे ऋण फेडावे कसे? ‘फुगेवाला काढला आहे’ अशी ओळ चित्राखाली लिहिली, तर प्रेक्षकाशी प्रामाणिकपणा होईल, फुगेवाल्याशी नव्हे. उलट, त्याला ठेवून, निजलेल्या मुलीच्या दैन्यावर प्रेक्षकांची हळहळ मिळविली असती, तर तेही त्याला न विचारताच झाले असते. दोन्हीकडे तो केवळ साहित्य ठरतो. आम्ही मुलास इतकेच म्हणालो, “एकदा त्याला भेटून ये.”

पुढच्या रविवारी तो गेला. मूळ चित्र दाखवून आपण काय केले, ते त्याने सांगितले. फुगेवाल्याने राग मानला नाही. आपल्याला का पुसले, असेही त्याने विचारले नाही. मुलीचा फोटो कधी काढला नाही, याची एक प्रत मिळेल का, एवढेच त्याने विचारले. मुलाने छापील प्रत नेऊन दिली. महाविद्यालयास सादर करताना त्याने दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली.

मूळ चित्र संगणकात शिल्लक होते, म्हणून हे शक्य झाले. आमच्या जुन्या टिपणांतली मोकळी जागा आता कोणास नेऊन दाखवावी, हे मात्र आम्हांस अजून उमगलेले नाही.