जेवायला कुठं जावं?

गेल्या डिसेंबरात चार दिवस औंधला होतो. पुण्यातलं औंध नव्हे. हे वाक्य मला आयुष्यात किती वेळा म्हणावं लागलंय याची गणती नाही. सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, डोंगरावरच्या यमाईचं औंध. आमचं गाव.

दुपारी एकच्या सुमारास एक गाडी आमच्या दारापुढं थांबली. पुण्याची चौघं, साधारण माझ्याच वयाची. सकाळी मूळपीठाचा डोंगर चढून आली होती, मग संग्रहालय बघून झालं होतं. काच खाली करून एकानं विचारलं, "इथे चांगलं जेवायला कुठे मिळेल?"

मी क्षणभरही न थांबता सांगितलं, "इथं तसं काही नाही. रहिमतपूरवरून हायवेला लागा, तिथं मोठी हॉटेलं आहेत. तासभर लागेल, पण एसी आहे, बाथरूम स्वच्छ असतात."

थँक्यू म्हणून ती गेली.

आमच्या घरापासून तिसरं दार काकीच्या खानावळीचं आहे. खानावळ म्हणजे काय, तर ओसरीवर तीन टेबलं, बारा ताटं, एक तवा. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, पिठलं, खर्डा, आणि थंडीत हुलग्याची शेंगोळी. काकी तेव्हा दारातच उन्हात घातलेल्या शेंगा गोळा करत होती. तिनं सगळं ऐकलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी दादाचा मेसेज आला. दादा न्यू जर्सीत असतो. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून तो आणि वहिनी आठवड्यासाठी अँटिग्वाला गेले होते. कॅरिबियन समुद्रातलं बेट, व्हिव्ह रिचर्ड्सचं गाव. रिसॉर्ट असं, की राहणं, खाणं, पिणं सगळं आधीच भरलेल्या पैशात. मेसेजमध्ये चार लिंका आणि खाली एक ओळ : "हिला एक दिवस बाहेर जेवायचंय. आतलं सगळं फुकट असताना बाहेर पैसे का घालवायचे, हे मला कळत नाही. पण चारातलं बेस्ट कुठलं ते तूच सांग, तू रिव्ह्यू नीट वाचतोस."

मी रिव्ह्यू नीट वाचतो हे खरं आहे. पण त्या संध्याकाळी माझा अंगठा स्क्रीनवर नुसताच वरखाली फिरत राहिला. दुपारी मीही कुणालातरी 'बेस्ट' सांगून आलो होतो ना.

बेस्ट, पण कुणासाठी?

'चांगलं जेवण कुठं मिळेल' हा प्रश्न दिसतो साधा. आपण तो चवीचा, स्वच्छतेचा आणि बजेटचा प्रश्न समजतो. रेटिंगचे तारे हेच तीन मोजतात, आणि तिन्ही गोष्टी खाणाऱ्याच्या बाजूच्या आहेत. वाढणाऱ्याच्या बाजूनं कुणी तारे देत नाही. अमुक गिऱ्हाईक नीट बोललं, ताटात टाकून गेलं नाही, दर पाडून मागितला नाही, असा रिव्ह्यू मी अजून वाचलेला नाही.

मग सुट्टीवर गेलेल्या माणसानं वाढणाऱ्याचाही विचार करायला हवा का? त्या जागेचं त्याच्यावर काही देणं लागतं का?

अँटिग्वाबद्दल हा प्रश्न तिथल्याच लेखिकेनं विचारून ठेवलाय. जमैका किंकेड त्या बेटावर जन्मली, वाढली. 1988 साली तिचं 'अ स्मॉल प्लेस' हे छोटंसं पुस्तक आलं. त्यात ती थेट पर्यटकाला समोर उभं करून बोलते, आणि तिचा एक मुद्दा जेवणाच्या ताटाबद्दलच आहे. बेटावर आलात म्हणून तुम्ही जे 'ताजं, स्थानिक' समजून खाताय, ते बऱ्याचदा मायामीहून विमानानं आलेलं असतं. म्हणजे तुम्ही समुद्र ओलांडून जाता आणि तुमच्या मागोमाग तुमचं जेवणही समुद्र ओलांडून येतं. बेटाच्या वाट्याला उरतं ते ताट उचलणं.

आता त्या बेटाचं स्वतःचं ताट काय? तिथला राष्ट्रीय पदार्थ आहे फंगी आणि पेपरपॉट. फंगी म्हणजे मक्याच्या पिठाचा, भेंडी घालून घोटलेला गोळा. आपल्या उकडीचा लांबचा नातेवाईक म्हणा. पेपरपॉट म्हणजे पालेभाज्या आणि खारवलेलं मांस घालून केलेलं दाट कालवण. अँटिग्वा हे उसाच्या मळ्यांचं बेट होतं. 1834 मध्ये गुलामगिरी संपेपर्यंत आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी तो ऊस तोडला, आणि मक्याचं पीठ हे त्यांना मिळणारं रेशन होतं. मालकानं मोजून दिलेल्या पिठातून त्यांनी स्वतःचा पदार्थ काढला. आज तो देशाचा पदार्थ आहे.

हे वाचताना मला काकीची शेंगोळी दिसायला लागली. हुलगा काही कुणी हौसेनं पेरत नाही. खटाव, माण, आटपाडी हा सगळा कमी पावसाचा पट्टा. जिथं दुसरं काही येत नाही तिथं हुलगा येतो, ज्वारी-बाजरी तग धरते. म्हणून आमच्या ताटात ती आली. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि पुण्यातल्या कॅफेत बाजरीला भाव आला. काकीच्या ओसरीवर मात्र ती अजून भाकरीच आहे, आणि मी तिला 'तसं काही नाही' म्हणालो.

सोपं उत्तर, आणि ते का पुरत नाही

इथपर्यंत आलं की एक उत्तर आपोआप तयार होतं. मोठं हॉटेल वाईट, छोटी खानावळ चांगली. स्थानिक खा, पुण्य मिळवा. दादाला मी तसं टाइपही केलं होतं. मग पुसलं.

कारण एक तर, रिसॉर्टमध्ये ताट उचलणारी माणसंही बेटावरचीच असतात. त्यांचंही घर त्याच पगारावर चालतं. आमच्या हायवेवरच्या हॉटेलांतली वाढपी पोरं आसपासच्या गावांतलीच आहेत, त्यातली दोन माझ्या वर्गात होती. मी त्या चौघांना तिकडं पाठवलं तेव्हा पैसे काही परग्रहावर गेले नाहीत.

दुसरं, सुट्टी ही सुट्टी असते. दादानं वर्षभर रात्री जागून काम केलंय. दहाव्या वाढदिवसाला त्याला समुद्राकाठी मेणबत्तीच्या उजेडात जेवावंसं वाटलं, तर त्यात पाप काय आहे? प्रत्येक घासाला हिशोब मागणारी नीती फार लवकर किरकिरी होते. तिच्यासोबत जेवायला कुणी बसत नाही.

आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दयेपोटी कुणाच्या खानावळीत जाऊन बसणं हा त्या खानावळीचा अपमान आहे. काकीचं जेवण चांगलं आहे म्हणून तिच्याकडं जावं. ती गरीब आहे म्हणून गेलात, तर तुम्ही जेवायला गेला नाहीत, भीक वाढायला गेलात. शिजवणारीला हा फरक पहिल्या घासालाच कळतो.

मग माझ्या दुपारच्या वागण्यात नेमकं चुकलं काय? पैसे इकडचे तिकडं गेले हे खरं दुखणं नव्हतं. काकीचं जेवण वाईट असतं असंही माझं मत नाही, मी त्यावरच वाढलोय. मी त्या चौघांच्या डोळ्यांनी ओसरी बघितली. पत्रा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हात धुवायला बाहेरचा नळ. त्यांना आवडणार नाही हे मी ठरवलं. आणि काकीला ते झेपणार नाही हेही मीच ठरवलं. दोन्ही बाजूंचं मीच ठरवलं, कुणालाही न विचारता.

बेटांचं संस्थान

औंधात हा विषय निघाला की संस्थानाची आठवण येतेच. औंध संस्थान बहात्तर गावांचं, पण ती गावं एका जागी नव्हती. औंध इथं, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, गुणदाळ विजापूरकडं. मधे सगळा दुसऱ्यांचा मुलूख. नकाशावर बघितलं तर कोरड्या जमिनीतली बेटंच.

त्या बेटांचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कार घालणारे, चित्रं काढणारे, कीर्तन करणारे. त्यांनी गावाबाहेर टेकडीवर संग्रहालय उभं केलं. त्यात रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. ज्यांना कधी लंडन-पॅरिस बघायला मिळणार नव्हतं, अशा माणसांच्या गावात हे सगळं आणून ठेवलं. 'या लोकांना यातलं काय कळणार' असं म्हणून ते पुण्या-मुंबईत ठेवणं सहज शक्य होतं.

आणि 1939 च्या जानेवारीत या राजानं राज्यच लोकांच्या हाती दिलं. गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना तयार झाली. ती घडवण्यात राजपुत्र अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलंडहून आलेला इंजिनिअर होता. गावोगाव पंचायती आल्या. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली, जिथं शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' त्याच प्रयोगावरून आला.

या सगळ्यामागं मला एकच गोष्ट दिसते. यांना झेपणार नाही, असं दुसऱ्याच्या वतीनं आधीच ठरवायचं नाही. शेतकऱ्याला राज्य झेपेल का, कैद्याला मोकळीक झेपेल का, हे त्यांना संधी देऊन बघायचं. मी अशा गावात जन्मलो आणि काकीला चार पुणेकर झेपतील का, एवढंही तिला विचारलं नाही.

तेव्हा बाहेर जेवायला कुठं जावं, याचं माझं उत्तर आता असं आहे. जिथं आवडेल तिथं जा. मेणबत्ती हवी तर मेणबत्ती. पण सगळ्या सुट्टीत निदान एक जेवण असं असावं, जिथं शिजवणारा माणूस तुम्हाला जेवताना बघू शकेल आणि तुम्ही त्याला. पडद्यामागून आलेलं ताट खाताना आपण फक्त गिऱ्हाईक असतो. समोर वाढलेलं खाताना थोडे पाहुणे होतो. पाहुण्याला मिठाचं प्रमाण चुकलं तरी ते नीट शब्दांत सांगावं लागतं, 'अजून एक भाकरी' याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि कुठून आलात याचं उत्तर द्यावं लागतं. एवढंच देणं आहे. पण पैशानं ते फिटत नाही, म्हणून ते टाळावंसं वाटतं.

दादाला मी लिहिलं, "चारपैकी कुठंही जा. पण फंगी कुठं मिळते ते रिसॉर्टमधल्या एखाद्या वाढप्याला विचार. रिव्ह्यूत बघू नको."

आदल्या दिवशी सांगावे

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकीकडं गेलो. म्हटलं, काल चुकलं माझं.

ती भाकरी थापतच म्हणाली, "लाज वाटली व्हय रं माझी?"

मी नाही म्हणालो. मग हो म्हणालो.

"शेंगोळी जास्तीची टाकली हुती काल. शनवार हुता. सांजच्याला आमीच खाल्ली."

प्रायश्चित्त म्हणून मी तिथंच फोन काढला, ओसरीचे चार फोटो घेतले, खानावळ मॅपवर टाकली, पाच तारे दिले, दोन ओळी छान लिहिल्या आणि तिला दाखवलं. आता बघ, म्हटलं, पुण्या-मुंबईची माणसं थेट तुझ्या दारात.

तिनं हात पुसून फोन घेतला, फोटो बघितले. "किती येतील?"

"सुट्टीच्या दिवशी पन्नाससुद्धा येतील."

"ताटं बारा हायेत. तवा एक." तिनं फोन परत दिला. "मला इचारलंस का आधी?"

चोवीस तासांत दुसऱ्यांदा तेच. एकदा तिच्या वतीनं मी नाही म्हणालो होतो, आता तिच्या वतीनं हो.

मग आम्ही दोघांनी बसून ते पुन्हा लिहिलं. फोटो तिनं निवडला, ओसरीचा नव्हे, तव्यावर फुगलेल्या भाकरीचा. खाली तिनं सांगितलेली ओळ टाकली : एका वेळी बाराच जण, आदल्या दिवशी सांगावे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, असं शाळेत शिकलो होतो. काकीला तिथी हवी होती, आणि मला तिचं म्हणणं पटलं.

रात्री दादाचा मेसेज आला. लिंकांमधल्या सगळ्यात महागड्या ठिकाणी जाऊन आले होते, वहिनी खूश होती. फंगीसुद्धा खाल्ली, दुसऱ्या दुपारी, बसस्टँडजवळच्या एका बाईकडं. अर्धा तास उभं राहावं लागलं म्हणे. "भेंडीमुळं जरा बुळबुळीत लागते," त्यानं लिहिलं, "पण तिनं विचारलं कशी झालीय, तेव्हा काय सांगावं कळेना."

मी विचारलं, मग काय सांगितलंस?

"खरं सांगितलं. हसली आणि वर कालवण वाढलं."