किंचाळणारं झाड

शिकारी जिम कॉर्बेट म्हटलं की बंदूक आठवते. त्यापेक्षा त्याला वाटलेली भीती मला जास्त मोलाची वाटते.

काळाढुंगीच्या जंगलात फिरणाऱ्या पोरवयातल्या जिमला डॅन्से नावाच्या आयरिश माणसानं बॅन्शीच्या गोष्टी ऐकवल्या होत्या. बॅन्शी म्हणजे रानात किंचाळणारी दुष्ट बाई, आपल्याकडच्या हडळीची सख्खी बहीणच म्हणा! एकदा दाट झाडीत वारा सुटला आणि ती किंकाळी खरोखर आली. पोरानं धूम ठोकली.

पुढे एकदा तीच किंकाळी पुन्हा कानावर आली. या वेळी तो पळाला नाही. काळीज धडधडत होतं, तरी आवाजाच्या दिशेनं पुढे सरकत गेला. पाहतो तर एक झाड कलून दुसऱ्यावर टेकलेलं. वारा आला की लाकडावर लाकूड घासायचं. घासून घासून ती जागा काचेसारखी गुळगुळीत झाली होती. पण एवढं पाहून त्याचं समाधान झालं नाही. बंदूक जमिनीवर ठेवून तो त्या कललेल्या खोडावर चढला आणि आपल्याच खालून निघणाऱ्या किंकाळ्या ऐकत बसला. हे बसणं मला फार आवडतं.

रानातल्या प्रत्येक अनोळखी आवाजाचा छडा लावायची सवय तिथूनच लागली, असं त्यानं ‘जंगल लोअर’ या पुस्तकात लिहिलंय.

म्हणून तो निर्भय झाला का? छे! रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला त्यानं १९२६ मध्ये मारलं. त्या शिकारीतल्या एका काळोख्या, पावसाळी रात्री आपण कधी नव्हे इतके घाबरलो होतो, हेही त्यानंच सांगून ठेवलंय.