हात न घालता ॲनाटॉमी येत नाही

फोन खाली ठेवा आधी. सगळ्यांनी. आणि इकडे या, या टेबलावर मानेच्या पोस्टिरियर ट्रँगलची काय दशा केलीत ती बघा. कातडी सोलता सोलता फॅशियासकट ॲक्सेसरी नर्व्ह कापून काढलीत, आणि विचारलं तर म्हणता, "मॅडम, आमच्या बॉडीत नव्हतीच." नव्हतीच कशी? स्टर्नोमॅस्टॉइडच्या मागच्या कडेतून निघते, लिव्हेटर स्कॅप्युलीवरून तिरकी खाली ट्रॅपिझियसमध्ये शिरते. वरून फॅशियाचा एक पातळ थर, बास. म्हणून तिथे स्काल्पेल बाजूला ठेवून बोथट टोकाने फॅशिया हळूहळू सोडवायचा असतो. इथेच उभी राहून सांगितलं होतं मी. तुम्ही तेव्हा खिडकीपाशी गप्पा हाणत होतात.

उद्या वॉर्डात मानेतल्या गाठीची बायोप्सी तुमच्याच हातात येईल. आपल्याकडे टीबीच्या गाठी मानेत सर्रास येतात. गाठ काढताना हीच नर्व्ह तुटली की ट्रॅपिझियस लुळा पडतो, खांदा ओघळतो. त्या बाईला हात वर नेऊन वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही. तिलाही सांगणार का, नव्हतीच म्हणून?

सी फाइव्ह ते टी वन घडाघडा म्हणता, ब्रेकियल प्लेक्सस रंगीत पेनांनी सुबक काढता. पण ॲक्झिलात रेडियल नर्व्ह दाखव म्हटलं की फोर्सेप्स थरथरतो. कालच एकाने व्हेन उचलून दाखवली. चित्रात आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी. इथे सगळं एकाच मळकट रंगाचं. रिकामी व्हेन बोटाखाली चपटी होते, नर्व्ह दोरीसारखी घट्ट लागते. ते बोटांनाच कळतं, व्हिडिओ कितीही बघा.

ग्रेच्या पुस्तकातली चित्रं काढणाऱ्या हेन्री व्हँडाइक कार्टरने ती डिसेक्शन करून काढली. पुस्तक निघालं १८५८ साली, आणि नंतर हाच माणूस मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवत होता, कुष्ठरोगाचा अभ्यास करत होता. कुष्ठरोगी तुमच्या ओपीडीत आजही येतील. कोपरामागे अल्नर, फिब्युलाच्या मानेशी कॉमन पेरोनियल, गळ्याच्या बाजूला ग्रेट ऑरिक्युलर जाड झालीय का, हे चाचपूनच बघावं लागतं. निरोगी नर्व्ह जिच्या बोटांना ठाऊक नाही तिला जाड झालेली काय कळणार?

आणि हा देह. चितेला अग्नी द्यायचा हक्क सोडून घरच्यांनी तो आपल्या हवाली केला. त्याच्या पायाशी सॅक टेकवून ठेवलीय कुणी? उचला ती.

उद्या सकाळी पुस्तक बंद. एकमेकांच्या कोपरामागे अल्नर शोधून दाखवायची, मग गुडघ्याखाली पेरोनियल. ज्याला सापडणार नाही त्याने स्काल्पेलला हात लावायचा नाही.